मोटरहोम घेऊन बोटीने टास्मानियाला: रात्रभराच्या प्रवासाची तयारी कशी करायची?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही सगळे मेलबर्नहून टास्मानियाला निघालोय. नवरा, मी, नऊ आणि पाच वर्षांची मुलं आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई. मोटरहोम (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतलीय. जिलाँगहून संध्याकाळची बोट, दुसऱ्या दिवशी पहाटे टास्मानियातलं डेव्हनपोर्ट. तिकिटं झाली, चार जणांची एक आणि दोघांची एक अशा केबिनही मिळाल्या, पण दिवस जवळ येतायत तशी धाकधूक वाढलीय.

गाडीसकट बोटीत बसायचा माझा अनुभव म्हणजे भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, तोही एकदाच. वर डेकवर जाऊन चहा घेईपर्यंत मांडवा आलं. इथे अख्खी रात्र काढायचीय.

माझे प्रश्न असे: मुलांना गाडीतल्या बिछान्यातच झोपवता येतं का? फ्रिज चालू ठेवायचा की बंद? सासूबाईंचं इन्सुलिन त्यात असतं. बोट फार हलते असं ऐकलंय, ते खरं का? आणि दोन आठवड्यांचा शिधा घरूनच भरून नेला तर चालेल ना?

घाटमाथा

मी स्वतःची मोटरहोम घेऊन तीनदा जाऊन आलोय. एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा, म्हणजे बाकीची तयारी त्यातून आपोआप सुचते. बोट सुटली की गाड्यांचे मजले बंद होतात आणि डेव्हनपोर्ट येईपर्यंत प्रवाशांना खाली जाता येत नाही. गाडीत झोपणं तर नाहीच, पण औषध राहिलं, चष्मा राहिला, मुलाचं पांघरूण राहिलं, तरी नाही. त्या रात्रीपुरतं तुमचं घर खाली कुलपात असतं आणि तुम्ही वर पाहुणे असता.

म्हणून रात्रीची पिशवी वेगळी भरायची आणि ती घरीच भरायची. धक्क्यावरच्या रांगेत भरू म्हटलं की मागून गाड्या सरकायला लागतात, मुलं भुकेजलेली असतात आणि नेमकं हवं ते राहतं. आमच्या पिशवीत प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, स्वेटर (वर डेकवर वारा झोंबतो), सगळी औषधं, चार्जर, पाण्याच्या बाटल्या, कोरडा खाऊ आणि तिकिटं-ओळखपत्रं असतात. पिशवी ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली ठेवायची. गाडी जागेवर लागली की ती उचलायची, दार लावायचं आणि निघायचं.

गाडी लावल्यावर मजल्याचा नंबर आणि जिन्याची पाटी यांचा फोटो काढून ठेवा. सकाळी शेकडो माणसं एकाच वेळी जिन्यात असतात आणि सगळे मजले सारखेच दिसतात. सासूबाईंना जिने चढायला लावू नका, लिफ्ट असते.

आता फ्रिज. भाड्याच्या बऱ्याच मोटरहोममध्ये तीन तऱ्हांनी चालणारा फ्रिज असतो: गॅसवर, कॅम्पातल्या २४० व्होल्ट विजेवर आणि गाडीच्या १२ व्होल्टवर. बोटीवर गॅस सिलेंडरपाशीच बंद करावा लागतो आणि आपल्या गाडीला प्लग मिळेल असं धरून चालू नये. राहिले १२ व्होल्ट. त्यावर हा फ्रिज साधारण १२ ते १५ अँपिअर ओढतो. १०० अँपिअर-अवरची बॅटरी पहाटेच्या आत बसते आणि डेव्हनपोर्टला उतरल्यावर पाण्याचा पंप, दिवे, सगळंच बंद.

मी असं करतो. दोन दिवस आधी फ्रिज घरच्या विजेवर लावून पुरता गार करायचा. दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्यांत पाणी घालायचं, गळ्याशी चार बोटं जागा सोडायची आणि घरच्या फ्रीझरमध्ये त्यांचा दगड होऊ द्यायचा. निघताना त्या मोटरहोमच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात आडव्या ठेवायच्या, कारण गारवा खाली उतरतो. फ्रिज भरलेला असू द्या, रिकामा फ्रिज लवकर तापतो. मग बोटीवर तो बंद करून दार लावायचं. सकाळी दूध, दही, लोणी ठणठणीत असतं आणि बाटल्यांत अजून बर्फाचा गोळा खुळखुळत असतो.

रानवाटा

फ्रिजबद्दल थोडं वेगळं मत. आम्ही गेल्या वर्षी १२ व्होल्टवर चालू ठेवून गेलो, सकाळी बॅटरी छान होती. उगाच भीती नको.

घाटमाथा

रानवाटा, तुमचा फ्रिज कॉम्प्रेसरचा आहे का? बारीक घुरघुर करत चालू-बंद होणारा?

रानवाटा

हो, तसाच आहे.

घाटमाथा

मग बरोबर. तो चार-पाच अँपिअर घेतो, तेही अधूनमधून, त्यामुळे रात्र सहज निघते. मी लिहिलंय ते गॅसवरही चालणाऱ्या फ्रिजबद्दल. द्राक्षवेल, गाडी ताब्यात घेताना फ्रिजच्या बटणांकडे बघा. ज्योतीचं चिन्ह असेल तर तो गॅसचा.

मृदगंध

इन्सुलिनचं वाचून राहवलं नाही. मी इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. द्राक्षवेलताई, ते कुठल्याही परिस्थितीत गाडीत ठेवू नका. फ्रिज कुठल्याही प्रकारचा असो. बोट सुटल्यावर सासूबाईंना डोस हवा झाला आणि पेन खाली राहिलं तर काय करणार?

चालू असलेलं पेन त्यांच्या पर्समध्ये. उरलेला साठा गार पिशवीत घालून केबिनमध्ये, पण बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटून नको. पाकीट पंच्यात गुंडाळा. इन्सुलिन एकदा गोठलं की टाकून द्यावं लागतं. ते वितळल्यावर आधीसारखंच दिसू शकतं, म्हणून जास्त जपायचं.

दुसरं याहून महत्त्वाचं. इन्सुलिन घेतलं, जेवल्या आणि बोट लागून सगळं उलटून पडलं, तर साखर झपाट्याने उतरू शकते. रात्रीच्या पिशवीत ग्लुकोमीटर, ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेचं सरबत आणि बिस्किटं हवीतच. त्या रात्रीचा डोस कधी आणि किती घ्यायचा हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.

बोट लागण्याच्या गोळ्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या असतात. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. सासूबाईंच्या पिशवीत नाशिकहून आणलेली एव्होमिन बहुधा असेलच, पण त्यांच्या बाकीच्या औषधांबरोबर ती चालते का हे विचारा. काचबिंदू असेल तर या प्रकारच्या काही गोळ्या चालत नाहीत. मुलांचा डोसही फार्मसीत वजन सांगून विचारा, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. आलेपाकाच्या वड्या मात्र बिनधास्त द्या, माझ्या मुलीला त्यांचाच उपयोग होतो.

वेंगुर्लेकर

मी मरीन इंजिनिअर, २६ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, आता घरी. बोट का हलते ते नीट समजलं की भीती अर्धी होते, म्हणून लिहितो.

तुम्ही ओलांडणार ती बास सामुद्रधुनी सुमारे २४० किलोमीटर रुंद आणि अगदी उथळ आहे, सरासरी खोली ६० मीटरच्या आसपास. तिथूनच चाळीस अंश दक्षिण अक्षांश जातो. खलाशी ज्यांना रोअरिंग फोर्टीज म्हणतात ते पश्चिमेचे वारे याच पट्ट्यातले. दक्षिण महासागरातून मोकळी धावत आलेली लाट या उथळ तळाला अडते, आखूड होते आणि उभी राहते. उंचीपेक्षा हा उभेपणा त्रास देतो. याच पाण्यातून १७९८-९९ मध्ये जॉर्ज बास आणि मॅथ्यू फ्लिंडर्स नॉरफोक नावाच्या छोट्या शिडाच्या जहाजातून टास्मानियाला वळसा घालून आले आणि ते बेट आहे हे तेव्हा युरोपियनांना कळलं. तुमची बोट दोनशे मीटरच्या आसपास लांब आहे. घाबरू नका.

एक फायदा लक्षात घ्या. जिलाँगहून सुटल्यावर बोट आधी पोर्ट फिलिपच्या बंदिस्त आखातातून जाते. पहिले दोनेक तास पाणी बहुतेक शांत असतं. हलायला लागतं ते आखाताच्या तोंडातून बाहेर पडल्यावर. तेव्हा बोटीत चढल्या चढल्या मुलांना खाऊ घाला, हलकं, तेलकट नको, आणि तोंड ओलांडायच्या आत आडवं करा. झोपलेल्या माणसाला बोट कमी लागते. बहुतेक लोक दोन तास दुकानं बघत फिरतात आणि नेमकं हलायला लागल्यावर जेवायला बसतात.

अशा बोटींना दोन्ही कुशींना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवी डुलणी आवरतात, पुढे-मागे होणारी झेप आवरत नाहीत. बागेतल्या सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर उडतं आणि मध्ये उभं राहिलेलं जागच्या जागी असतं, तसंच हे. केबिन बदलून मिळत असेल तर बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची मागा. खिडकी नसली तरी चालेल. सासूबाईंना खालचा बर्थ द्या.

गाडीबद्दल माझ्या बाजूने चार गोष्टी. सिलेंडर वरूनच बंद करा, नुसती शेगडी बंद केली म्हणजे झालं असं नाही. खाली मजल्यावर शेकडो टाक्यांत इंधन आहे आणि जागा बंदिस्त आहे, तिथे गळका सांधा म्हणजे काय हे मी पाहिलेलं आहे. गॅस आहे हे चेक-इनलाच सांगा. डब्यांत सुटं पेट्रोल-डिझेल नेऊ नका. हँडब्रेक ओढा, गाडी गियरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. आणि चोराचा अलार्म बंद करा. बोट हलली की तो वाजतो, तुम्हाला खाली जाता येत नाही आणि तो रात्रभर बोंबलून बॅटरी संपवतो.

पाण्याच्या टाक्यांचं एक. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट, कारण पाणी इकडून तिकडे हेंदकाळतं. सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी टाकी) निघण्यापूर्वी कॅम्पात रिकामी करूनच या.

घाटमाथा

वेंगुर्लेकर काका, फार मोलाचं लिहिलंत. आखाताच्या तोंडाची गोष्ट मला तीन फेऱ्यांनंतरही माहीत नव्हती.

हेंदकाळण्यावरून आठवलं. पहिल्या फेरीत आईने दिलेली कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी मी डोक्यावरच्या कपाटात ठेवली होती. कपाटाची खिटी लागली असं वाटलं होतं, पण ती पुरती बसली नव्हती. सकाळी दार उघडलं तर बरणी फुटून तेल सीटच्या मागच्या फटीतून खालपर्यंत उतरलेलं. मोहरीचा तो वास पुढचे तीन आठवडे गाडीत होता, पण त्याहून लागलं ते आईचं लोणचं गेल्याचं. आता जड आणि काचेचं सगळं खाली, ओट्याखालच्या कपाटात, मध्ये टॉवेल कोंबून. पोळपाट-लाटणं आणि कुकर सिंकमध्ये उशी घालून. वरच्या कपाटात फक्त कपडे. प्रत्येक खिटी हाताने ओढून बघायची.

दापोलीचा

मी दाभोळ-धोपावे जंगलजेटीवर (गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट) दर महिन्याला गाडी घालतो. आमच्याकडे ओहोटीला रॅम्पचा उतार अंगावर येतो आणि लांब गाड्यांचं बूड घासतं. तिकडे असं होतं का? मोटरहोमचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो म्हणून विचारतोय.

घाटमाथा

चांगला प्रश्न. धक्के मोठे आहेत, त्यामुळे आपल्या जंगलजेटीइतका उतार नसतो, पण रॅम्प जिथे मोडतो तिथे मागचं बूड टेकू शकतं, विशेषतः सायकलचा स्टँड किंवा टोबार (मागे ट्रेलर जोडायचा दांडा) असेल तर. चालण्याच्या वेगाने जायचं आणि खुणावणाऱ्या माणसाकडे बघायचं. तो सांगेल तसं, आपलं डोकं चालवायचं नाही.

लांबी-उंचीचंही इथेच सांगतो. भाडं लांबीवर ठरतं आणि लांबी म्हणजे नाकापासून सायकल स्टँडच्या टोकापर्यंत. माझी गाडी माहितीपत्रकात ६.७ मीटर आहे, टेपने मोजली तेव्हा स्टँडसकट ७.४ भरली. उंचीत छतावरचा एसी आणि अँटेना धरायचा. द्राक्षवेल, तुम्ही बुकिंगमध्ये काय लिहिलंय ते एकदा ताडून बघा.

आणि भाड्याची गाडी बोटीवर न्यायची परवानगी लेखी घ्या. आमच्या मित्राला एका भाड्याच्या कंपनीने फोनवर 'हो, हो' म्हटलं आणि गाडी घ्यायच्या दिवशी बोटीसाठी वेगळा आकार लावला. विमा टास्मानियात आणि प्रत्यक्ष बोटीवर लागू आहे का, हेही त्याच कागदावर हवं. लायसन्सचं म्हणाल तर ४.५ टनापर्यंतच्या गाडीला साधं कारचं चालतं.

भाड्यावरून आणखी एक. गाडीच्या तिकिटात ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारचं अनुदान आधीच वजा झालेलं असतं. बास सामुद्रधुनीपलीकडच्या लोकांना रस्त्याइतक्या खर्चात गाडी आणता यावी म्हणून १९९६ पासून ही योजना आहे आणि मोटरहोमही त्यात बसते. त्यासाठी वेगळा अर्ज नको.

होबार्टवासी

आता शिध्याबद्दल, कारण आपली माणसं इथेच सगळ्यात जास्त हळहळतात. टास्मानियात ताजी फळं, भाज्या, रोपं आणता येत नाहीत. कांदे, बटाटे, मिरच्या, कोथिंबीर, लिंबं, आलं आणि कढीपत्ता, सगळं यात आलं. फळमाशी आणि रोग इथल्या सफरचंद, चेरी, बटाट्याच्या शेतीत घुसू नयेत म्हणून हे आहे आणि ते अगदी योग्य आहे. या बेटाचं पोट शेतीवर आहे. डेव्हनपोर्टला उतरताना गाड्या तपासतात, वास घेणारे कुत्रेही असतात.

आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा बायकोने परसातल्या झाडाचा कढीपत्ता ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. मेलबर्नच्या थंडीत तीन वर्षं जपलेलं झाड. अधिकाऱ्याने विचारलं, तिने फडकं उलगडून दाखवलं आणि स्वतःच्या हाताने डहाळ्या पिंपात टाकल्या. त्या बाई फार सौजन्याने वागल्या, पण बायको गाडीत बसल्यावर बराच वेळ बोलली नाही. तुम्ही आधीच घरी ठेवून या. मुलांच्या दप्तरात सफरचंद, पर्समध्ये लिंबू, खिशात केळं राहिलंय का ते बघा. शंका असेल ती वस्तू लपवू नका, दाखवा.

बुटांना, तंबूच्या खुंट्यांना, मासेमारीच्या सामानाला चिखल चिकटलेला असेल तर धुऊन-सुकवून आणा. कुत्रा असेल तर त्याला येण्याआधीच्या १४ दिवसांत टेपवर्मचं (पोटातल्या जंतांचं) औषध दिल्याचा पुरावा लागतो.

पीठ, तांदूळ, डाळी, मसाले घेऊन या. भाजीपाला डेव्हनपोर्टच्या सुपरमार्केटात मिळतो आणि जानेवारीत रस्त्याकडेला चेरी, रास्पबेरी मिळतात त्या मेलबर्नला मिळत नाहीत अशा.

एक कळकळीची विनंती. पहाटे बोटीतून उतरून लगेच दूर पळू नका. त्या वेळी वॉलबी, वॉम्बॅट, टास्मानियन डेव्हिल असे रानटी प्राणी रस्त्यावर असतात. तुम्ही रात्रभर नीट झोपलेले नसता, गाडी जड आणि अनोळखी असते. डेव्हनपोर्टमध्येच न्याहारी करा, उजाडू द्या. क्रेडल माउंटन तिथून दीडेक तासावर आहे. तिथे गाडी व्हिजिटर सेंटरला लावायची आणि शटल बसने डव्ह लेकला जायचं.

द्राक्षवेल

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! लांबी पुन्हा मोजायला नवऱ्याला डेपोत पाठवलंय. फ्रिजवर ज्योतीचं चिन्ह आहे, म्हणजे गॅसचाच. डॉक्टरांची वेळ घेतली. आल्यावर कळवते.

द्राक्षवेल

परत आलो! धागा वर काढतेय.

जाताना आखाताबाहेर पडल्यावर बोट चांगलीच हलली. आम्ही साडेआठला मुलांना आडवं केलं होतं, ती सकाळपर्यंत हलली नाहीत. मलाच थोडं मळमळलं. सासूबाईंनी डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे डोस घेतला, रात्री दोनदा साखर तपासली, ठीक होती. गंमत म्हणजे पहाटे त्याच सगळ्यांच्या आधी आवरून डेकवर होत्या. मर्सी ब्लफचं दीपगृह दिसलं, पांढऱ्या अंगावर लाल उभे पट्टे असलेलं, आणि त्यांनी मला हलवून उठवायला मुलाला पाठवलं. मृदगंधताई, त्यांनी तुम्हाला आवर्जून नमस्कार सांगितलाय.

बर्फाच्या बाटल्यांची युक्ती अचूक. सकाळी फ्रिजमधला थर्मामीटर ७ अंशांवर होता. जिन्याच्या पाटीचा फोटो काढलाच, शिवाय मजल्याचा नंबर मुलांच्या मनगटावर पेनने लिहिला होता. तपासणीत मुलाच्या दप्तराच्या तळाशी एक संत्रं निघालं. आम्ही तीनदा बघूनही राहिलं होतं. त्यानेच ते नेऊन दिलं.

एकच अडचण आली. डेव्हनपोर्टला उतरून चहा करायला गेले तर सिलेंडर उघडूनही शेगडी पेटेना. दहा मिनिटं खटपट केल्यावर आपोआप पेटली. काय झालं असेल? परतीच्या वेळीही तसंच झालं.

घाटमाथा

तुम्ही कॉक एकदम झटक्यात उघडत असणार. रेग्युलेटरपाशी सुरक्षेची झडप असते. गॅस अचानक जोरात आला की नळी फुटली असं समजून ती बंद होते. कॉक पुन्हा बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, मग अगदी हळू, अर्धा-अर्धा फेरा देत उघडायचा. आधी शेगडी पेटवून नळीतली हवा जाऊ द्यायची, मग फ्रिज गॅसवर लावायचा.